थांबणारं जहाज

भय्यासाहेब, त्या दिवशी फोन तुमच्याच घरी आला होता, म्हणून हे तुम्हालाच सांगतो. घरात बोललो नाही. आईला तर नाहीच. उद्या सकाळच्या गाडीनं मी जहाजावर परत चाललो आहे. जायच्या आधी कोणाला तरी ठाऊक असलेलं बरं.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. बरगीच्या धरणात मासळी वाहणारी एक लाकडी नाव होती, तिचं इंजिन सारखं गरम होऊन बंद पडायचं. नाव बापूंच्या जुन्या सोबत्याची, विष्णूकाकांची. दोघं एकाच वर्षी तोफांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. विष्णूकाकांचा निरोप आला, आणि बापू मला म्हणाले की चल, जहाजाचं इंजिन चालवतोस ना, हेही बघून घे.

जूनचे दिवस होते. कारगिलची लढाई जोरात होती. कारखान्याचा भोंगा वेळीअवेळी वाजायचा आणि माणसं दोन-दोन पाळ्या करून राहिली होती. बापू रिटायर झालेले, तरी सकाळी चहा घेऊन फाटकाशी उभे राहायचे, भोंगा ऐकत. आणि अशा दिवसांत मी घरी. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

तो हात कसा मोडला ते तुम्हाला ठाऊक आहे. वादळात उलटलेल्या होडीतल्या मच्छीमाराला वर ओढताना होडी आणि जहाजाची बाजू यांच्यामध्ये हात सापडला. बापूंनी ते ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, याचा दादा तिकडे लढाईसाठी समुद्रात उभा आहे, आणि याचा हात मासेवाल्यापायी मोडला.

मुरलीदादा नेव्हीत, मी कोस्ट गार्डमध्ये. बाहेरच्याला दोन्ही सारखंच वाटतं. आमच्या घरात मात्र दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक होता. दादाचं जहाज करडं, माझं पांढरं, कडेला तिरपा पट्टा. त्याच्या जहाजावर क्षेपणास्त्रं, पाणबुडीवर सोडायचे टॉर्पेडो, पाण्याखालचं ऐकणारी यंत्रं, तीनशे माणसं. माझ्या जहाजावर पुढे एक तोफ, बाजूला रबरी होड्या, पाण्यातून माणूस काढायची जाळी, सगळे मिळून शंभरही नाही. आम्ही स्मगलरच्या मागे जातो, वाट चुकलेल्या बोटी ओढून आणतो, तेल सांडलं तर साफ करतो. एकदा मी बापूंना मोठ्या उत्साहानं सांगितलं की आमची तोफ तुमच्या खात्यात बनायची तशाच बैठकीवर बसवली आहे. त्यांनी विचारलं, "एकच ना?"

दादाच्या जहाजाचा फोटो बैठकीत, काचेत. माझ्या जहाजाचा फोटो मी दिला होता, तो आईच्या कपाटात साड्यांखाली होता. सराफ्यात कोणी भेटलं की बापू "माझा मुलगा नेव्हीत" एवढंच म्हणायचे. जणू एकच मुलगा. आणि दादाचा काही दोष नाही हो. तो घरी आला की आधी माझ्याच जहाजाची विचारपूस करायचा. त्यामुळे तर मला जास्तच राग यायचा. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. खरं सांगतो, लढाईच्या बातम्या लागल्या की सगळं घर देवापुढे हात जोडायचं, आणि मीही जोडायचो, पण मनात काय मागत होतो ते माझं मलाच ऐकायचं नसायचं.

आता नीलूकाकांचं सांगतो. नीलकंठ, बापूंचा धाकटा भाऊ. तोही नेव्हीत होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाई चालू असताना, जहाजावरून समुद्रात पडला. तेवीस वर्षांचा. त्याच्या सोबत्यानं नंतर पत्र लिहिलं होतं की तो पडला ते दोघातिघांनी पाहिलं, हाका ऐकल्या, पण शत्रूची पाणबुडी जवळपास होती. जहाज थांबलं असतं तर सगळेच गेले असते. कप्तानानं जहाज पुढे नेलं.

बापू ही गोष्ट रडून नाही सांगायचे. अभिमानानं सांगायचे. लढाऊ जहाज एका माणसासाठी थांबत नसतं, असं म्हणायचे, आणि मग माझ्याकडे बघायचे. माझं जहाज कोणासाठीही थांबतं ना.

असो. त्या दिवशी आम्ही बापूंच्या स्कूटरवर बरगीला गेलो. ते चालवत होते, मी मागे, मांडीवर हत्यारांची पेटी. पोचायला चार वाजले. उन्हाळ्यानं पाणी खूप खाली गेलं होतं. बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे बाहेर आलेले, काठाला चिखल वाळून भेगा पडलेल्या, आणि सगळीकडे मासळीचा आणि कुजक्या लाकडाचा वास.

इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या पंपात शेवाळ अडकलं होतं. मी सांगत गेलो, बापू हातानं करत गेले. तासाभरात झालं. बापूंचा हात चालताना बघणं हे एक सुख होतं, आणि त्या तासात आमचं बरं जमलंही. विष्णूकाका म्हणाले की एक चक्कर मारून या, मी तोवर चहा ठेवतो.

सूर्य अजून हातभर वर होता. मी उजव्या हातानं सुकाणू धरलं, बापू इंजिनापाशी बसले. पाणी अगदी स्थिर. वारा पडलेला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, काठावरची माणसं बाहुल्यांएवढी दिसायला लागली. आणि मला वास आला.

मला तो वास झोपेतही ओळखता येईल. खारं पाणी आणि जहाजाचं जळकं, जाड तेल. नर्मदेचं गोड पाणी आहे, भय्यासाहेब. तिथून समुद्र किती लांब. मी बापूंकडे पाहिलं. ते ताठ बसले होते, नाकपुड्या फुललेल्या. तेलाचा वास त्यांनाही आला होता.

मग हाक आली.

"दादा…"

लांबून, डाव्या अंगानं. मी वळलो. पन्नासेक हातांवर पाण्यात एक डोकं होतं. एक हात वर झाला आणि खाली गेला.

आम्हाला एक शिकवलेलं असतं. माणूस पाण्यात दिसला की ज्याला दिसला त्यानं हात लांब करून त्याच्याकडे दाखवत राहायचं, नजर काढायची नाही. एकदा नजर हलली की लाटेत डोकं पुन्हा सापडत नाही. माझा प्लास्टरचा हात आपोआप वर झाला. उजव्या हातानं सुकाणू फिरवलं.

"थांबू नको," बापू म्हणाले.

मला वाटलं त्यांना दिसलं नाही. मी म्हटलं, माणूस आहे, बापू.

"मला दिसून राहिलं. थांबू नको. चल इथून."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. पण मी अकरा वर्षं हेच काम केलेलं. आणि दुसरंही एक होतं, ते लपवत नाही. बापूंना दाखवायचं होतं. मी म्हटलं, "तुमचं जहाज थांबत नसेल. माझं थांबतं." वाकून इंजिन बंद केलं.

इंजिनाची धडधड गेली आणि एवढी शांतता झाली की काठावरच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. नाव आपल्या गतीनं पुढे सरकत गेली. डोकं नावेच्या बाजूखाली दिसेनासं झालं. मग नावेच्या कडेवर एक हात आला. चार बोटं. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. पण हात तरुण माणसाचा होता. नाव त्या बाजूला झुकली. चांगली झुकली, एका माणसाच्या वजनानं.

मी हात द्यायला पुढे झालो, तर बापूंनी माझा सदरा मागून धरला.

"दादा," खालून आवाज आला. दमलेला, पण घाई नसलेला. "जहाज थांबलं नाही, दादा."

बापू समोर बघत होते. हाताकडे नाही. म्हणाले, "लढाई होती, नीलू."

"हे थांबलं…"

भय्यासाहेब, भीती तर मला वाटतच होती. पण त्या दोन शब्दांनी छातीत काहीतरी भरून आलं. आमच्या घरातल्या कोणीतरी पहिल्यांदा तसं म्हटलं होतं. मी म्हणालो, मी थांबवलं.

"तू कोण?"

"गुणवंत. धाकटा."

"अच्छा." मग तो म्हणाला, "मोठा कुठाय?"

बापूंची मूठ माझ्या सदऱ्यावर आवळली. कानाशी येऊन, ओठ न हलवता म्हणाले, "त्याचं नाव घेऊ नको. गुणवंता, पाया पडतो. नाव घेऊ नको."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तेवढं केलं नसतं तर बरं होतं. त्यांचे डोळे भीतीनं भरले होते, आणि ती भीती माझ्यासाठी नव्हती. तो हात माझ्यापासून वीतभर होता. मला ओढून घेतलं असतं तर एका क्षणात गेलो असतो. आणि बापू थरथरत होते ते दीड हजार किलोमीटरवरच्या मुरलीदादासाठी. पाण्यातला तोही दादाचंच विचारत होता. मी थांबवलं, आणि विचारणा त्याची.

मी सांगितलं. दादाचं नाव सांगितलं, जहाजाचं नाव सांगितलं, द्वारकेच्या पुढे असतात ते सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं.

"ठीक," तो म्हणाला.

बोटं सुटली. नाव सरळ झाली. पाण्यावर बुडबुडाही आला नाही. वास मात्र काठावर पोचेपर्यंत सोबत होता.

विष्णूकाकांनी चहा दिला. बापूंनी घेतला नाही. परत आल्यावर त्यांनी स्कूटर घरासमोर लावली, चावी काढली आणि मग विचारलं, "काहून सांगितलंस?"

मी म्हटलं, तोंडातून निघून गेलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. कारखान्यात आयुष्यभर लोखंडातली केसाएवढी चीर नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस. त्यांना सगळं कळलं होतं. त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दिवसभर तुमच्या ओसरीवर येऊन बसायचे, आठवतं? तुम्हाला वाटायचं बातम्या ऐकायला येतात. ते फोनसाठी येत होते.

दहाव्या दिवशी सकाळी तुम्ही धावत आलात. मुरलीधर जहाजावरून समुद्रात पडला, शोध चालू आहे.

आई खाली बसली. बापू भिंतीला टेकले. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते ऐकायचंय तुम्हाला? मनात आलं, आता तर तो कायमचा मोठा झाला. आता त्याच्या फोटोला हार लागेल आणि मी जन्मभर त्या हाराखालून ये-जा करीन. दुःख त्याच्यानंतर आलं. आलं तेव्हा मात्र असं आलं की मी अंगणात जाऊन ओकलो.

दुपारी दुसरा फोन. सापडला. सहा तास पाण्यात होता, जिवंत आहे. कोस्ट गार्डच्या एका जहाजानं काढला. माझ्या जहाजानं नाही, दुसऱ्या, पण पांढऱ्याच.

ऑगस्टमध्ये दादा रजेवर आला. बारीक झाला होता, बाकी तसाच. दुसऱ्या दिवशी दुपारी मला गच्चीवर घेऊन गेला. कडक ऊन होतं तरी त्यानं अंगावर चादर घेतली होती. म्हणाला की डॉक्टरांना सांगितलं नाही, तुला सांगतो. पाण्यात तो एकटा नव्हता. कोणीतरी मागून त्याची कॉलर धरून ठेवली होती. सहा तास. झोप लागायला लागली की हलवायचा. मराठी बोलायचा, आपल्यासारखी, "हात मारून राहा, बेटा, सोडू नको" अशी.

मी विचारलं, तोंड पाहिलंस?

नाही म्हणाला. वळू देत नव्हता.

मग दादानं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे भरून आले. "तो म्हणाला, तुझ्या भावानं पत्ता दिला म्हणून आलो. तू पाठवलंस ना त्याला, गुणवंता? तुला कसं कळलं रे, मी पडणार ते?"

मी मान हलवली. तो माझ्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत उभा होतो. मला कळेना की काकानं त्याला पाण्यातून वाचवलं, की पाण्यात ओढलं तेही त्यानंच, आणि मग जहाज थांबतं का ते बघत सहा तास धरून बसला. आजही कळलेलं नाही.

रडणं थांबल्यावर दादा म्हणाला की त्यानंही एक गोष्ट विचारली. धाकट्याचं जहाज कोणतं?

"तू सांगितलंस?"

"सांगितलं ना. तुझं जहाज, तुझा नंबर, सगळं सांगितलं. एवढं केलं त्यानं माझ्यासाठी. काहून, सांगायचं नव्हतं का?"

प्रेमानं सांगितलं होतं त्यानं, भय्यासाहेब. त्याच्यात आणि माझ्यात एवढाच फरक.

प्लास्टर निघालं, मी जहाजावर गेलो. तिथे काहीही झालं नाही. ना वास, ना आवाज. उलट तीन आठवड्यांत मला बापूंचं पत्र आलं. अकरा वर्षांत पहिलं. जेवणाच्या टेबलाशी उभ्यानंच फोडलं. आत लिहिलं होतं: नीलू तिथे आला असेल. त्याला थंडी सोसत नाही. रात्रपाळीला त्याला आडोशाला बसव. तिखट कमी खातो. खाली माझ्यासाठी एक ओळ: त्याला सांभाळ. दादानं गच्चीवरची गोष्ट त्यांनाही सांगितली असणार.

मग दर आठवड्याला पत्र. माझं जहाज कसं आहे, किती लांब आहे, केबिन कोरडी असते का, लाटांत हलतं का. मी लहानपणापासून ज्या चौकशीसाठी जीव टाकला ती सगळी चौकशी, आणि एकही माझ्यासाठी नाही. बैठकीतला फोटो बदलल्याचं आईनं कळवलं. आता तिथे माझं पांढरं जहाज आहे. ते कोणासाठी लावलंय ते मला ठाऊक होतं. मेलेल्या माणसावर जळत होतो मी. बापूंच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. एकाही नाही, हे लक्षात ठेवा.

दिवाळीला घरी आलो तर बापू खुशीत. मला बघून हसले. पहिल्याच दिवशी म्हणाले की पत्रं वेळेवर मिळतात, बरं वाटतं. मला वाटलं वयामुळे गोंधळ होतोय. पण काल दुपारी त्यांनी उशीखालून आंतरदेशीय पत्रं काढली. पाच होती. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव, माझा नंबर, माझ्या जहाजाचं नाव. वरच्या पत्राचा शिक्का ऑक्टोबरचा, ज्या तारखेला आम्हाला बंदर सोडून बारा दिवस झाले होते. अक्षर माझं नव्हतं.

शेवटचं एक त्यांनी मला वाचायला दिलं. चारच ओळी होत्या. दादा, पत्र पोचलं. इथे बरं आहे, माणसं आता ओळखतात, नावानं हाक मारतात. गुणवंताची काळजी करू नको. तो गेल्यापासून त्याची पाळी मीच करतो.

तारीख पाहिली. त्या दिवशी मी रजेवर निघालोही नव्हतो, जहाजावरच होतो, भय्यासाहेब.